एकच डिस्क, दोन-तीन प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाथरी, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा या बाजूच्या शाळा, आडत दुकानं आणि सेवा केंद्रं ही माझी गिऱ्हाइकं. एसटीत धक्के खात पोचायचं आणि तिथं कळायचं की बॅगेतली विंडोज किंवा लिनक्स बसवायची डिस्क या मशीनच्या प्रोसेसरची नाहीच, असं इतक्यांदा झालं की सगळ्या प्रोसेसरांच्या सिस्टीम एका डिस्कवर कशा बसवायच्या याचा मला नादच लागला. आता आसपासची दुरुस्तीवाली पोरं आणि लॅब सांभाळणारे गुरुजी फोन करून तेच ते विचारतात, म्हणून हे पान. प्रश्न त्यांचे, क्रम माझा.

एका डिस्कवर ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही सिस्टीम खरंच बसतात का?

बसतात, आणि हे काही नवीन नाही. (३२ आणि ६४ बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो त्याचं माप. जुने पीसी ३२, नवे ६४.) डेबियननं (लिनक्सचा एक मोफत प्रकार) २००७ साली ४.० आवृत्तीसोबत अशी मल्टी-आर्किटेक्चर, म्हणजे अनेक जातींच्या प्रोसेसरांची, डिस्क दिली, तिच्यात ३२-बिट पीसी, ६४-बिट पीसी आणि जुन्या मॅकमधला पॉवरपीसी असे तिघे होते. विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल तर सरळ विचारतं: ३२-बिट, ६४-बिट की दोन्ही? जागेची अडचण फार नसते. खरी मेख असते ती मशीन चालू होताना पहिल्या काही सेकंदांत, ते पुढे येईलच.

मग दोन्हीच्या फाइली एकमेकांत मिसळत नाहीत का?

मोंढ्यात एकाच ट्रकात तुरीचे कट्टे आणि सोयाबीनचे कट्टे येतात. गाडीभाडं एक, ताडपत्री एक, पण तूर सोयाबीनमध्ये मिसळलेली नसते. कट्ट्यावर खूण असते, हमाल ती बघून उतरवतो. डिस्कचंही तसंच.

डेबियनची जुनी मल्टी-आर्क डिस्क उघडून बघा. वरच दोन फोल्डर दिसतात, ‘इन्स्टॉल.३८६’ आणि ‘इन्स्टॉल.एएमडी’. दोन्हींत आपापला कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि आपापला इन्स्टॉलर. त्याखाली ‘पूल’ नावाचा मोठा फोल्डर, त्यात सगळी पॅकेजं एकत्र. पण प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेपटीला खूण आहे: ‘आय३८६’ (३२-बिट), ‘एएमडी६४’ (६४-बिट) किंवा ‘ऑल’ (सगळ्यांसाठी). शेवटची खूण महत्त्वाची. फॉन्ट, आयकॉन, मदतीची पानं यांचा प्रोसेसरशी काही संबंध नसतो. देवनागरीचा ‘ळ’ ३२-बिटवर जसा तसाच ६४-बिटवर. म्हणून ‘ऑल’ पॅकेज डिस्कवर एकदाच ठेवतात आणि दोघं वापरतात. दोन सिस्टीमच्या डिस्कला दुप्पट जागा लागत नाही ती त्यामुळेच.

मशीनला कसं कळतं की डिस्कवरचं कुठलं आपल्यासाठी आहे?

हा या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न. चहा घेऊन बसा.

सीडीची फाइल मांडणी आयएसओ ९६६० या प्रमाणानं ठरते. एक सेक्टर २,०४८ बाइटचा, आणि सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, त्या प्रमाणानं मोकळे सोडले आहेत. त्यानंतर १६ क्रमांकाच्या सेक्टरवर डिस्कची ओळख लिहिलेली असते (मोजणी शून्यापासून), आणि १७ क्रमांकावर बूटची, म्हणजे डिस्कवरून मशीन चालू करण्याची, नोंद. ही बूटची नोंद ‘एल टोरिटो’ या प्रमाणातून आली. फिनिक्स आणि आयबीएम यांनी ते १९९५ च्या जानेवारीत काढलं. नाव कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलावरून पडलं असं सांगतात. आपल्याकडं असतं तर एखाद्या खानावळीचं नाव लागलं असतं.

त्या नोंदीतून एका यादीकडे वाट जाते. यादीत एकापेक्षा जास्त बूट नोंदी ठेवता येतात आणि त्यांच्यावर प्लॅटफॉर्मचा आकडा टाकता येतो: शून्य म्हणजे साधा बायॉसवाला पीसी (बायॉस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा, बोर्डावरचा प्रोग्राम), एक म्हणजे पॉवरपीसी, दोन म्हणजे मॅक, आणि सोळाच्या पाढ्यात (हेक्साडेसिमल मोजणीत) ईएफ म्हणजे यूईएफआय, बायॉसची नवी पिढी. एकाच डिस्कला असे अनेक दरवाजे. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे हेच बायॉस किंवा यूईएफआय, यादी वाचतं, आपल्याला उमजणारा दरवाजा धरतं, बाकीच्यांकडे बघतही नाही.

आता बायॉसच्या दारातून आत आल्यावर गंमत होते. बायॉस प्रोसेसरला १६-बिटच्या जुन्या मोडमध्येच सुरू करतो, मग तो पेंटियम थ्री असो की परवा घेतलेला आय-फाइव्ह. म्हणून एकच बूटलोडर (कर्नल उचलून चालू करणारा छोटा प्रोग्राम) दोन्हींवर चालतो. आत गेल्यावर तो प्रोसेसरलाच विचारतो, तुला ६४-बिट येतं का? ‘सीपीयूआयडी’ नावाची सूचना दिली की उत्तराच्या २९ क्रमांकाच्या बिटमध्ये हो किंवा नाही मिळतं. हो असेल तर ६४-बिट कर्नल, नाहीतर ३२-बिट. ग्रब बूटलोडरमध्ये हीच तपासणी ‘सीपीयूआयडी -एल’ एवढ्या एका आज्ञेत होते.

यूईएफआयचं तंत्र निराळं. ते ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात जाऊन ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ६४-बिट पीसीसाठी ‘बूटएक्स६४’, ३२-बिट फर्मवेअरसाठी ‘बूटआयए३२’, ६४-बिट एआरएमसाठी (मोबाइलात असतो त्या जातीचा प्रोसेसर) ‘बूटएए६४’. नावं वेगळी असल्यानं तिन्ही फाइली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी बसतात, भांडण नाही. ज्यानं हे ठरवलं त्यानं पुढचा विचार केला होता.

आमच्या मशीनमध्ये इंटेल आहे. ‘एएमडी६४’ लिहिलेली डिस्क चालेल का?

चालेल. आठवड्यातून दोनदा येणारा प्रश्न हाच.

३२-बिट पीसीचं ६४-बिटमध्ये रूपांतर कसं करायचं हे आधी एएमडीनं ठरवलं. त्यांचा ऑप्टेरॉन एप्रिल २००३ मध्ये बाजारात आला. इंटेलनं २००४ मध्ये तीच सूचना-पद्धत आपल्या प्रोसेसरांत घेतली. डेबियन-उबुंटूवाल्यांनी मूळ बापाचं नाव ठेवलं, मायक्रोसॉफ्ट त्यालाच ‘एक्स६४’ म्हणतं. माल एकच.

मात्र ‘आयए६४’ लिहिलेलं कधी उतरवून घेऊ नका. ते इंटेलच्या इटॅनियमसाठी, पूर्ण वेगळा प्रोसेसर. सेलूच्या एका पोरानं ‘आयए म्हणजे इंटेल’ असा अंदाज लावून रात्रभर मोबाइल डेटा जाळून ती डिस्क उतरवली. सकाळी फोन: “दादा, काळ्या पडद्यावर कायतरी इंग्रजीत म्हणायलंय बघा.” दुसरं काय म्हणणार?

माझं मशीन ३२ आहे की ६४, हे डिस्क लावण्याआधी कसं कळेल?

विंडोज चालू असेल तर ‘धिस पीसी’वर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘सिस्टीम टाइप’. तिथं दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, सध्याची सिस्टीम आणि प्रोसेसर. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं दिसलं तर प्रोसेसर सक्षम आहे, आधीच्या कुणीतरी ३२-बिट टाकून ठेवली. शाळांच्या लॅबमध्ये हे सर्रास दिसतं. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ टंका, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ‘३२-बिट, ६४-बिट’ असं दोन्ही आलं की झालं.

मशीन बंदच पडलं असेल तर मल्टी-आर्क डिस्क लावणं हीच तपासणी. ती स्वतःच विचारून घेते.

प्रोसेसर ६४-बिट आहे, तरी ६४-बिट पेनड्राईव्ह दिसतच नाही. का?

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत माझे दोन दिवस यात गेले. देणगीत आलेले दहा छोटे टॅबलेट-लॅपटॉप, कीबोर्ड निघणारे. आत इंटेल ॲटमची बे ट्रेल पिढी, २ जीबी रॅम. प्रोसेसर शंभर टक्के ६४-बिट. मी ६४-बिट पेनड्राईव्ह लावला, बूट मेनू उघडला, तर यादीत पेनड्राईव्हचं नावच नाही. दुसरा लावला. पोर्ट बदलला. गुरुजी म्हणाले, “सर, पेनड्राईव्हच मेला असंल.” तोच पेनड्राईव्ह ऑफिसातल्या संगणकावर सुरळीत चालू झाला.

चूक अशी होती: प्रोसेसर ६४-बिट, पण त्याच्यावरचं यूईएफआय फर्मवेअर ३२-बिट. रॅम आणि साठा कमी म्हणून कंपन्यांनी ही यंत्रं ३२-बिट विंडोजसकट विकली आणि फर्मवेअरही त्याच मापाचं घातलं. ३२-बिट यूईएफआय फक्त ‘बूटआयए३२’ शोधतं. माझ्या पेनड्राईव्हवर ‘बूटएक्स६४’ होतं. घर आहे, माणूस घरात आहे, पण पाटी चुकीच्या नावाची. बायॉसच्या जुन्या मोडची सोयही त्या यंत्रांत नव्हती.

अशा ठिकाणी विंडोज ३२-बिटच चालतं, दुसरा उपाय नाही, कारण विंडोजला फर्मवेअर आणि सिस्टीम एकाच मापाची लागते. लिनक्सला तशी अट नाही. कर्नलच्या ३.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ३२-बिट यूईएफआयवर ६४-बिट कर्नल चालू करता येतो. २०१५ च्या डेबियन ८ ची मल्टी-आर्क डिस्क नेमकी इथं उपयोगी पडली: ३२-बिट दारातून आत घेऊन ६४-बिट सिस्टीम बसवायची. माझ्याकडं ती डिस्क होती, पण परभणीच्या दुकानातल्या कपाटात. दुसऱ्या दिवशी परत गेलो. २००६ चे पहिले इंटेल मॅकही याच जातीचे, प्रोसेसर कसाही असो, ईएफआय ३२-बिट.

तेव्हापासून मी प्रोसेसर आधी विचारत नाही. फर्मवेअर आधी विचारतो.

विंडोजच्या ३२ आणि ६४ दोन्ही एका डिस्कवर कशा येतात? ‘ऑल इन वन’ डिस्क हीच का?

दोन रीती आहेत. मीडिया क्रिएशन टूलमध्ये ‘दोन्ही’ निवडलं की ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ असे दोन फोल्डर बनतात, प्रत्येकात पूर्ण सेटअप, आणि सुरुवातीला कुठलं पाहिजे असं विचारणारा मेनू. सोपी रीत, फक्त जागा जास्त. साध्या ४.७ जीबी डीव्हीडीवर ते मावत नाही. ड्युअल लेयर डिस्क घ्या, नाहीतर सरळ ८ जीबी पेनड्राईव्ह.

दुसरी रीत जुनी, व्हिस्टापासूनची. विंडोजच्या फाइली ‘विम’ नावाच्या एका गठ्ठ्यात असतात, आणि एकाच गठ्ठ्यात अनेक आवृत्त्या ठेवता येतात. विमला अक्कल एवढी की दोन आवृत्त्यांत अगदी तीच फाइल असेल तर ती एकदाच साठवतो. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्राम चालवण्यासाठी ३२-बिट फाइलींचा मोठा साठा असतोच, म्हणून दोन्ही एकत्र केल्यावर बेरजेपेक्षा कमी जागा लागते. (त्या ३२-बिट फाइली ‘सिसवॉव६४’ फोल्डरात असतात आणि ६४-बिटच्या ‘सिस्टीम३२’ मध्ये. नावं ठेवणाऱ्यानं तेव्हा काय घेतलं होतं कोण जाणे.)

या रीतीत डिस्क ३२-बिट सेटअपनं चालू करायची. बायॉसच्या मशीनवर ३२-बिट सेटअप दोन्ही प्रकार बसवू शकतो. यूईएफआयवर ही युक्ती चालत नाही, वर सांगितलेल्या कारणानं.

बाजारात मिळणाऱ्या ‘ऑल इन वन’ डिस्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. आत काय घुसवलंय ते कळायला मार्ग नाही. लातूरहून आलेल्या अशाच एका डिस्कनं बसवलेल्या मशीनमध्ये पहिल्याच दिवशी ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं होतं. अधिकृत फाइल घेऊन स्वतः जोडा.

दोन्हीसाठी प्रॉडक्ट की वेगळी लागते का?

नाही. विंडोज ७ असो की १०, आवृत्ती तीच असेल (होमला होम, प्रोला प्रो) तर एकच की ३२ ला आणि ६४ लाही चालते. विंडोज ७ च्या खोक्यात तर दोन वेगळ्या डीव्हीडी आणि एकच की यायची.

३२-बिटवरून ६४-बिटवर अपग्रेड करता येतं का, फाइली तशाच ठेवून?

नाही. डेटा बाहेर काढा, मशीन नव्यानं बसवा. चालू ३२-बिट विंडोजमध्ये ६४-बिटचा सेटअप दोन टिचक्या मारून उघडायचा प्रयत्न लोक करतात, तो उघडतच नाही. ६४-बिट किंवा मल्टी-आर्क डिस्कवरून बूट करूनच करावं लागतं.

मग सगळीकडे ६४-बिटच टाकलेलं काय वाईट?

बहुतेक ठिकाणी काहीच वाईट नाही, उलट तेच बरोबर. ३२-बिटला ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढाच पत्त्यांचा हिशेब जमतो, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि बाकी उपकरणं खातात. म्हणून ४ जीबीची पट्टी घालून ३२-बिट विंडोज सव्वातीनच दाखवतं आणि गिऱ्हाईक मला चोर समजतं.

पण मोंढ्यातला माझा अनुभव वेगळा. एका आडतीवर मुनीमजी वीस वर्षांपासून डॉसवरचा हिशेबाचा प्रोग्राम वापरतात. काळा पडदा, निळ्या चौकटी, डॉट मॅट्रिक्सवर पट्टी निघते: शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. हा प्रोग्राम १६-बिट. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, ती सोय फक्त ३२-बिट विंडोजमध्ये राहिली. मी ऐन हंगामात, बाहेर सोयाबीनच्या गाड्यांची रांग असताना, नवीन मशीनला ६४-बिट टाकून दिलं. मुनीमजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “मालक, आता पट्टी काय हातानं लिहू का?” शेठ काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. त्याच दुपारी बॅगेतल्या त्याच डिस्कवरून ३२-बिट टाकलं. दोन्ही एका डिस्कवर असण्याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

डॉसबॉक्स (डॉसचं सोंग घेणारा प्रोग्राम) वापरून ६४-बिटवरही तो प्रोग्राम चालवता येतो, पण प्रिंटरपर्यंत पट्टी नेताना घाम निघतो. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचं तर आणखी वेगळं: ३२-बिट प्रोग्राम ६४-बिटवर चालतात, ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत. ६४-बिट टाकण्याआधी प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, तेवढं बघून घ्या.

डेबियनचं ‘मल्टिआर्क’ आणि मल्टी-आर्क डिस्क एकच ना?

नाव सारखं, गोष्ट वेगळी. डिस्क म्हणजे बसवण्याआधीची निवड. मल्टिआर्क ही २०१३ च्या डेबियन ७ पासूनची सोय: बसवलेल्या ६४-बिट सिस्टीममध्ये ३२-बिटची पॅकेजंही शेजारी ठेवता येतात, प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरात. ‘डीपीकेजी’ला (डेबियनचा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) आय३८६ जोड म्हणून सांगायचं की झालं. ३२-बिटचा एखादा जुना प्रोग्राम चालवायचा असेल तर सगळी सिस्टीम ३२-बिट करायची गरज नाही.

बाकीच्यांनीही असं केलं होतं का?

केलं होतं, आणि आपल्यापेक्षा थाटात. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० ची सीडी उघडली तर चार फोल्डर: आय३८६, अल्फा, मिप्स, पीपीसी. चार वेगळ्या कुळांचे प्रोसेसर, एक सीडी. मराठवाड्यात अल्फा किंवा मिप्सचं मशीन मी डोळ्यानं पाहिलं नाही, पण ते फोल्डर मात्र कितीतरी वेळा कॉपी केले.

ॲपलनं फाइलच जोडली. २००७ चं मॅक ओएस एक्स १०.५ एकाच डीव्हीडीवरून पॉवरपीसी आणि इंटेल दोन्हींवर बसायचं, कारण प्रत्येक प्रोग्राम फाइलीत दोन्ही प्रोसेसरांचे यंत्रसंकेत एकामागे एक ठेवलेले असायचे. ही कल्पना त्यांनी नेक्स्टस्टेप या जुन्या सिस्टीमकडून घेतली. अशा फाइलीचे पहिले चार बाइट सोळाच्या पाढ्यात वाचले तर ‘कॅफेबेब’ असा शब्द बनतो, जावाच्या फाइलींनाही हीच खूण आहे. २००९ च्या १०.६ मध्ये पॉवरपीसी वगळलं. २०२० ला स्वतःचे प्रोसेसर आणल्यावर ॲपलनं तीच युक्ती पुन्हा काढली, या वेळी इंटेल आणि एआरएमसाठी.

रास्पबेरी पाय किंवा एआरएम लॅपटॉप त्याच डिस्कवर घालता येईल का?

घालता येईल, पण मी घालत नाही. रास्पबेरी पायला डीव्हीडीशी देणंघेणं नाही, तो एसडी कार्डावरच्या फॅट विभागातून स्वतःच्या पद्धतीनं चालू होतो. मजा म्हणजे त्या कार्डावर एकत्र राहण्याचा कारभार आधीच आहे: ‘कर्नल’, ‘कर्नल७’, ‘कर्नल८’ अशा फाइली शेजारी असतात, आणि बोर्ड आपल्या पिढीची उचलतो. एकच ३२-बिट कार्ड पाय झीरोपासून पाय ४ पर्यंत फिरवता येतं. शाळेच्या लॅबसाठी मी असं एक कार्ड ठेवतो.

विंडोजच्या एआरएम लॅपटॉपसाठी मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या नोव्हेंबरात वेगळी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) दिली. ती वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवा. असले लॅपटॉप माझ्याकडं अजून फारसे येत नाहीत.

स्वतःची अशी डिस्क बनवायची असेल तर?

लिनक्सवर ‘ग्रब-एमकेरेस्क्यू’ ही आज्ञा आहे. ती तुमच्या मशीनवर ग्रबचे जितके प्रकार बसवलेले असतील तितके सगळे दरवाजे आयएसओत घालते. म्हणून आधी ‘ग्रब-पीसी-बिन’, ‘ग्रब-ईएफआय-आयए३२-बिन’ आणि ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन’ ही तिन्ही पॅकेजं बसवा, शिवाय ‘झॉरिसो’ आणि ‘एमटूल्स’. ग्रबच्या या तिन्हींतली विसरली तर डिस्क बनते, पण एकाच दरवाजाची. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

मग एका फोल्डरात दोन्ही सिस्टीमचे कर्नल आणि इन्स्टॉलर ठेवा, ग्रबची मेनू फाइल लिहा, तिच्यात ‘सीपीयूआयडी -एल’ची तपासणी घाला, आणि आज्ञा चालवा. हाताशी जुनं मशीन नसेल तर ‘क्यूईएमयू’ (खोटं मशीन उभं करणारा प्रोग्राम) मध्ये ३२-बिट प्रोसेसर देऊन एकदा, ६४-बिट देऊन एकदा तपासा. डीव्हीडी जाळण्याआधी (बर्न करण्याआधी) तपासा. जाळल्यानंतर तपासलेल्या डीव्हीडींवर आमच्याकडं चहाचे कप ठेवतात.

सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर घरची डिस्क अडते, कारण बूट फाइलीवर मान्य सही नसते. फर्मवेअरमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं, किंवा सही असलेली अधिकृत डिस्क वापरावी.

पेनड्राईव्हवर कॉपी करताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असं येतं.

यूईएफआय पेनड्राईव्हवरची फॅट३२ ही फाइल मांडणी खात्रीनं वाचतं, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी एवढीच मोठी फाइल मावते. दोन-चार आवृत्त्या भरलेली विम त्यापेक्षा मोठी होते. विंडोजच्या ‘डिझम’ या आज्ञेनं तिचे तुकडे करा, सेटअपला तुकडे जोडता येतात. डीव्हीडीवर हा त्रास नाही, तिथं यूडीएफ मांडणी असते.

एवढं सगळं करण्यापेक्षा व्हेंटॉय का नाही वापरत?

वापरतो की. गेली काही वर्षं माझ्या खिशात तेच आहे. पेनड्राईव्हवर व्हेंटॉय एकदा बसवायचं आणि आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या: ३२-बिट डेबियन, ६४-बिट डेबियन, विंडोजच्या दोन्ही. चालू झालं की यादी येते. बायॉस, ३२-बिट यूईएफआय, ६४-बिट यूईएफआय, एआरएम यूईएफआय, सगळे दरवाजे त्यानं आधीच करून ठेवलेत. जिंतूरच्या त्या शाळेत हे तेव्हा असतं तर एसटीचं एक तिकीट वाचलं असतं.

तरी डीव्हीडी बॅगेत आहे. कितीतरी जुन्या मशीनचा बायॉस यूएसबीवरून चालूच होत नाही, आणि अशी मशीनं नेमकी ३२-बिट असतात. शिवाय डीव्हीडीला व्हायरस चिकटत नाही. सेवा केंद्रांत दिवसभर गावभराचे पेनड्राईव्ह लागतात, तिथं माझा पेनड्राईव्ह मी लावतच नाही.

डीव्हीडी अर्ध्यावर अडते. डिस्क खराब की ड्राईव्ह?

बहुतेक वेळा जाळताना घाई. सगळ्यात कमी वेग निवडा आणि आयएसओचा एसएचए२५६ आकडा (फाइलीची तपासखूण) साइटवरच्याशी जुळवून घ्या. उन्हाळ्यात टपरीच्या पत्र्याखाली ठेवलेल्या डिस्क माझ्याकडं सगळ्यात जास्त मेल्या. जाळताना लाइट गेली तर ती डिस्क संपली, यूपीएस लावून बसा.

३२-बिट अजून कोण देतं?

दिवसेंदिवस कमी. उबुंटूनं २०१७ च्या १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉपची डिस्क बंद केली. विंडोज ११ फक्त ६४-बिट, आणि ३२-बिट असलेल्या शेवटच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही, त्यासाठी डेबियन १२ धरून ठेवावं लागतं. मी त्याच्या ३२-बिट फाइली दोन हार्डडिस्कवर जपून ठेवल्यात. मुनीमजी निवृत्त होईपर्यंत लागतील.

डिस्कवर काय लिहून ठेवावं?

सिस्टीम, आवृत्ती, तारीख, आणि त्याखाली दरवाजे: ‘बायॉस’, ‘यूईएफआय ३२’, ‘यूईएफआय ६४’. ‘मल्टी’ असं एवढंच लिहू नका. माझ्या कपाटात ‘मल्टी’ लिहिलेल्या सहा डिस्क आहेत आणि त्यातल्या कुठल्या दोन कामाच्या, ते मला दर वेळी लावूनच बघावं लागतं. पेन सीडीचा वापरा, बॉलपेननं दाबून लिहू नका, लेबलाच्या बाजूनंच डेटाचा थर असतो सीडीत.